डाव्या दाराचा ओरखडा

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

सेजल सोळा तारखेला गाडी न्यायला येणार. फोनवर म्हणाली, "बाबा, पनवेलला मला कामावर जायला होईल. तिथे नुसती उभी आहे." मुलीचं बरोबर आहे. मला गाडी चालवता येत नाही. चोवीस वर्षं कंपनीची बस नाते गावाच्या नाक्यावर येते. शिकायची वेळच आली नाही. गाडी तिच्या आईची, मैनाची. चाळिसाव्या वर्षी शिकली आणि मला शेजारी बसवून सगळं महाड फिरवलं.

पंधरा दिवस आहेत. तेवढ्यात डाव्या दारावरचा ओरखडा जायला हवा.

२ नोव्हेंबर

ताडपत्री काढली. लाल रंग, वर धूळ, धुळीवर मांजराचे पाय. ओरखडा चांगला हातभर. नऊ एप्रिलचा.

त्या सकाळी मैनाच्या छातीत दुखायला लागलं, घाम फुटला. गाडी चालवायला कोणाला फोन करू, हे मी ठरवेपर्यंत ती स्टिअरिंगला बसली होती. फाटकातून निघताना डावी बाजू खांबाला घासली. आवाज माझ्या कानाशी झाला. मी काही म्हणायच्या आत म्हणाली, "गप बसा." मी गप बसलो. दुपारी ती गेली.

सेजलला सांगितलं, शेजारच्या प्रवीणने हॉस्पिटलात नेलं. प्रवीण तेव्हा ड्युटीवर होता, पण विचारलं तर हो म्हणायला तयार झाला. आजारी आई गाडी चालवतेय आणि धडधाकट बाप बाजूला बसलाय, हे मुलीला कोणत्या तोंडाने सांगायचं? आता ओरखडा बघितला की ती विचारणार. विचारल्याशिवाय राहणारी नाही, आईवर गेली आहे.

४ नोव्हेंबर

प्रवीणला दाखवला. "काका, नख फिरवा आडवं. नख अडकलं तर खोल हाय. पॉलिशनं नाय जायचा, रंगच मारायला लागल."

नख दोन जागी अडकलं. मी अडकलं नाही असं सांगितलं.

रंगाला द्यायची सोय नाही. महाडचा पेंटर सेजलच्या वर्गातला. संध्याकाळपर्यंत तिला फोटो जाईल.

५ नोव्हेंबर

हार्डवेअरच्या दुकानात गेलो. कारसाठी पॉलिश मशीन म्हटल्यावर त्याने ग्राइंडर काढून ठेवला. "हाच न्या. फरशी घासा, लोखंड कापा, लोकरीचं पॅड लावलं की गाडी. बायकोचं तोंड सोडून सगळं चमकतं याने." मग माझ्याकडे बघून त्याला आठवलं. चहा मागवला. चहात साखर फार होती. मशीन घेतलं नाही.

६ नोव्हेंबर

दोन तास मोबाइलवर वाचलं. कंपनीच्या लॅबमध्ये एवढं वाचलं असतं तर साहेब झालो असतो. मशीन दोन जातींचं. एक जागच्या जागी गरगर फिरतं. काम झटपट, पण तापतं आणि रंग खातं. दुसरं फिरता फिरता डोलतं. काम सावकाश, पण अडाण्याच्या हातात दिलं तरी नुकसान कमी. मी दुसरं मागवलं. स्वतःची जात ओळखून.

१० नोव्हेंबर

पार्सल आलं. गाडी धुतली, सुकवली, बॉनेटवर हातभर जागेला चिकटपट्टी लावून घेतली. पॅडवर कंपाउंडचे, म्हणजे घासायच्या पेस्टचे, चार ठिपके. आधी मशीन टेकवायचं, मग चालू करायचं. मी उलटं केलं. कंपाउंड शर्टावर, भिंतीवर आणि तुळशीवर.

मग जमलं. मैना गाडी नारळाच्या काथ्याने धुवायची, भांडी घासतात तशी, गोल गोल. "स्वच्छ व्हायला पाहिजे ना?" उन्हात सगळ्या गाडीवर बारीक चऱ्यांची कोळ्यासारखी जाळी दिसायची. चार हात फिरवल्यावर तेवढ्या चौकोनातली जाळी गेली. आत माझं तोंड दिसलं. ते मात्र होतं तसंच होतं.

१२ नोव्हेंबर

छत, बॉनेट, उजवी बाजू झाली. प्रवीणची आजी गोदूबाई कुंपणापाशी उभी राहून बघत होती. "सुनील, मैनी व्हती तवा कधी फडका मारला नायस रे गाडीवर."

नव्हता मारला.

१३ नोव्हेंबर

डावी बाजू. ओरखड्याच्या कडा पुसट झाल्या, पण मधली पांढरी रेघ हलत नाही. सहा वेळा मशीन फिरवलं. सातव्यांदा फिरवताना मी मशीनशी बोलत होतो. शिव्याच दिल्या. गेल्या सात महिन्यांत एवढं कोणाशी बोललो नव्हतो.

१४ नोव्हेंबर

प्रवीणचा ग्राइंडर मागून आणला. त्याने लोकरीचं पॅड लावून दिलं, वर बजावलं, "एका जागी धरू नका काका. दाराच्या कडेला तर जाऊच नका."

एका जागी धरला. दाराच्या कडेला. रेघ कमी होते आहे असं वाटलं म्हणून आणखी थोडा धरला. जळका वास आला. पॅड उचललं तर लाल रंग गेलेला, खालचा राखाडी वर आलेला, लिंबाएवढा. ओरखडा तिथेच.

आता ओरखडा आणि शेजारी लिंबू. नुसता ओरखडा एखाद वेळेस नजरेतून सुटला असता.

१५ नोव्हेंबर

गाडी हलवून डावी बाजू भिंतीला लावायचं डोक्यात आलं. चावी हातात घेतली. हलवणार कोण?

१६ नोव्हेंबर, रविवार

सेजल आली. चकचकीत बॉनेटवरून हात फिरवत डावीकडे गेली, थांबली. "बाबा, हे काय केलंत?" मी मशीनची वायर गुंडाळत होतो. तशीच गुंडाळत फाटकापासून हॉस्पिटलपर्यंत सगळं सांगितलं. प्रवीण नव्हता, तेही.

"माहीत आहे मला. तुम्ही केसपेपर काढायला गेलात तेव्हा आईने फोन केला होता."

"मग इतके महिने बोलली का नाहीस?"

"तुम्ही प्रवीणचं नाव घेतलंत. म्हटलं, असू दे."

मी विचारलं, काय म्हणाली ती?

"म्हणाली, 'आज मी एसटीला मागे टाकलं गो. तुझे बाबा डोळे मिटून बसलेले, त्यांनी बघितलंच नाही.'"