खांबाखालची प्रार्थना

बाबा,

अड्याळच्या मैदानात तुमच्यावरचं गाणं वाजतं आणि लोक टाळ्या पिटतात, हे तुम्हाला कोणी सांगितलं असतं, तर तुम्ही आधी विचारलं असतं की एवढ्या स्पीकरच्या बॉक्सांना लाईन कुठून घेतली, तारेवर आकडा तर टाकला नाही ना. आकडा नव्हता, जनरेटर होता. आमचा बँड आहे. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने गळ्यात जाड तारांची गिटार अडकवून उभं राहणं भंडाऱ्यातल्या काही लोकांच्या अजून पचनी पडलेलं नाही. पण चर्चमधली पेटी कायमची मोडली तेव्हा मला काहीतरी वाजवायला हवं होतं, आणि या तरुण मंडळींना बेस गिटार वाजवणारं कोणी मिळत नव्हतं. गाणी रॉकची, ड्रमसकट. चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी सुरुवातीला नाकं मुरडली. गाणारा मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो, गाणी तोच लिहितो, आणि त्याचं म्हणणं असं की रविवारी सगळेच विश्वासणारे असतात, सोमवारी काय करता ते बोला. म्हणून आमची गाणी तराजूत माप न मारण्यावर आहेत, जावेशी धरलेला अबोला सोडण्यावर आहेत, रेशनच्या रांगेत मधे न घुसण्यावर आहेत. नाकं मुरडणारे आता रेशनचं गाणं गुणगुणतात, फक्त कबूल करत नाहीत.

तुम्ही असता तर मागच्या बाकावर बसून ऐकलं असतं. तुमचा बाक तोच, दाराजवळचा. खाकी शर्ट, मागच्या खिशात पक्कड, आणि उपदेश ऐन रंगात आला की बाहेरून कोणीतरी हाक मारणार, फीडर उडाला, चला. तुम्ही उठता तेव्हा बाक करकरतो आणि पुढच्या रांगेतल्या आईची मान ताठ होते. घरीही तेच. आई जेवणावरची प्रार्थना सुरू करते, मोठी, सगळ्या नातेवाइकांना नावानिशी घेणारी, आणि तिचं आमेन होईपर्यंत तुमचा भात आणि लाखोरीच्या डाळीचा पहिला घास पोटात गेलेला असतो. ‘लाईनवर जाचं आहे,’ एवढंच तुम्ही म्हणता. खरोखरच जायचं असायचं. पण ज्या दिवशी जायचं नसे त्या दिवशीही घास आधीच गेलेला असे, हे आईने बरोबर हेरलं होतं. ती तुमच्यासाठी वेगळी प्रार्थना करायची, आणि ती तुम्हाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात करायची.

तुम्ही मला एकदाच मारलंत. उन्हाळ्याचे दिवस होते, कूलर बाहेरून ओला झाला होता आणि मी त्याची जाळी सरळ हाताने धरायला गेले. तुम्ही हातावर फटका दिलात. ‘सरळ हातानं काहून धरतं? उलटा हात लाव. करंट असन त हात आपोआप मांगं येते. मुठीत धरशीन त सुटत नाही.’ मग तुम्ही माझा हात उलटा करून, बोटांच्या पाठीने, जाळीला लावून दाखवलात. मी रडत होते आणि तुम्ही पुन्हा पुन्हा तेच करून घेत होतात. माया दाखवायची तुमची ही रीत होती असं आता म्हणता येईल, पण तेव्हा मला फक्त हात दुखत होता.

कोंढा गावचा दिवसही मला आठवतो. मी सायकलच्या दांडीवर बसून तुमच्याबरोबर आले आहे. धानाला पाणी द्यायचं आहे आणि पंप बंद, म्हणून डीपीजवळ, ट्रान्सफॉर्मरच्या पेटीपाशी, शेतकऱ्यांचा घोळका उभा आहे. तुम्ही डीपीकडे जाता, खटपट करता, परत खांबापाशी येता. खांबाला हाताची पाठ लावता. मग डोळे मिटता आणि तुमचे ओठ हलायला लागतात. घोळक्यातला एक म्हातारा डोक्यावरचा दुपट्टा काढतो. मग तुम्ही चढता. येताना मी विचारलं, ‘बाबा, तुमी प्रार्थना करून राहिले होते का?’ तुम्ही म्हणालात, ‘प्रार्थना कायची? लाईन बंद कराले फ्यूज काढला का, हँडल पाडलं का, अर्थिंग टाकलं का, एकेक आठवून पाहतो. एखादं आठवलं नाही त वापस जाऊन पाहतो.’ ‘अन् देवाचं नाव?’ ‘देव काही पळून नाही चालला. खाली उतरल्यावर घेईन.’ खाली उतरल्यावर तुम्ही बिडी पेटवली होती. मी पाहिलं होतं.

तुमच्या दफनाच्या वेळी मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी प्रार्थना केली. ‘आमच्या या भावाच्या अंतःकरणात काय होतं ते प्रभूच जाणे,’ असं ते म्हणाले. वाईट हेतूने नसतील म्हणाले, त्यांना दुसरं काही सुचलं नसेल. पण आईने ते वाक्य घरी आणलं. तुम्ही पेन्शनीत आजारी पडून गेलात, खांबावरून नाही, याचं समाधान तिला नव्हतं. तुम्ही नेमके कुठे गेलात, ही तिची काळजी होती, आणि ती काळजी कमी झालेली मी इतक्या वर्षांत पाहिली नाही. ती आता माझ्याकडेच राहते. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे.

गेल्या वर्षी आमचा गायक एका लग्नाला कोंढ्याला गेला आणि तिथून एक गोष्ट घेऊन आला. कोणीतरी म्हाताऱ्याने त्याला सांगितलं होतं, ‘एक लाईनमन होता आमच्याकडं, किरिस्ताव. डोळे मिटून देवाचं नाव घेतल्याबिगर वर जात नव्हता.’ गायकाला ते तुम्ही हे लगेच कळलं. त्याने आठवडाभरात गाणं केलं आणि घरी येऊन आईसमोरच गिटारवर वाजवून दाखवलं. चांगलं गाणं होतं. खांबाखाली उभा असलेला माणूस, वर मेलेली तार, खाली वाट पाहणारं गाव, आणि तो आधी डोळे मिटून वरच्या धन्याला विचारतो, मी येऊ का वर? मी तोंड उघडणार होते. तेवढ्यात आईने पदर डोळ्यांना लावला. ‘खरंच असं सांगितलं त्यानं?’ गायक म्हणाला, खरंच. मग ती म्हणाली, ‘म्हणजे करत होते ना ते. अन् मी फालतूच भांडली त्याइच्याशी.’ त्या रविवारी ती चर्चमध्ये पुढच्या रांगेत बसली आणि गाणं संपल्यावर तिने मागे वळून दफनाच्या वेळच्या त्या वडीलधाऱ्यांकडे पाहिलं. आता तुम्हीच सांगा, मी कोणत्या तोंडाने बोलले असते.

गाणं पसरलं. लोक फोनवर एकमेकांना पाठवू लागले. नाताळानंतर अड्याळला कार्यक्रम झाला, तिथे हे गाणं दोनदा म्हणावं लागलं. आम्ही वायरी गुंडाळत होतो तेव्हा एक जण माझ्याजवळ आला, पंचविशीचा, वीज खात्यात कंत्राटी लाईनमन. ‘ताई, मी तुमच्या चर्चचा नाही जी. पण तुमचं गाणं ऐकलं तवापासून मी बी तुमच्या बाबासारखाच करतो. हात जोडतो, डोळे मिटतो अन् चढतो.’ मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, छाती फुगली. मी सहज विचारलं, ‘अन् फ्यूज काढतो ना तू आंधी?’ ‘मोठं काम असलं का काढतो जी. लहानसहान कामाले डीपीपरेंत कोण जाते? सबस्टेशनच्या ऑपरेटरले फोन लावतो, तो लाईन बंद केली म्हणते. पहिले भेव लागे म्हणून जाऊन पाहून येत होतो. आता मन घट्ट झालं.’

मला घाम फुटला, बाबा. जानेवारीची थंडी होती. मी त्याला तिथेच म्हटलं, ‘माह्या बाबानं खांबाखाली कधी प्रार्थना नाही केली. फ्यूज काढला का नाही ते आठवून राहत होते.’ त्याने लगेच विचारलं, ‘मंग गाण्यात काहून म्हणता जी?’ मी त्याला आठवायच्या सगळ्या गोष्टी क्रमाने म्हणून दाखवल्या आणि त्याच्याकडून म्हणून घेतल्या, तुम्ही कूलरपाशी माझ्याकडून घेतलं होतं तसंच. तो कंटाळला असेल. मी सोडलं नाही.

पुढच्या सरावाला मी अड्याळच्या त्या लाईनमनचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, प्रार्थनेची ओळ बदला. गायक बिथरला. ‘ताई, प्रार्थना काढली त ते विश्वासाचं गाणं कसं राहीन? बिजली खात्याची जाहिरात होऊन जाईन.’ मी म्हटलं, होऊ दे. तो म्हणाला, लोकांना तीच ओळ आवडते, आणि आजीचं, म्हणजे आईचं, काय, तिला काय सांगशील? हा घाव त्याने बरोबर घातला. मी म्हटलं, ‘त्या पोराची बायको उद्या आपल्या दारात आली त तिले कोणतं गाणं ऐकवशीन?’ ड्रमवाल्याने पायाने ठोका धरला आणि त्यावर गुरगुरल्यासारखं म्हणाला, ‘फ्यूज काढला का?’ आम्ही हसलो. पण ठोका सुटेना. संध्याकाळपर्यंत गाणं उभं राहिलं. आता आम्ही विचारतो आणि समोरची गर्दी ओरडून उत्तर देते, काढला, पाडलं, टाकलं, आणि सगळी उत्तरं आली की मगच गाण्यातला माणूस चढतो. पवनीच्या कार्यक्रमाला तो लाईनमन आला होता. सगळ्यात मोठा आवाज त्याचा. डीपीपर्यंत जातो का, असं मी त्याला विचारलं. ‘जातो जी, शिव्या देत जातो,’ तो म्हणाला. आमच्या चर्चचे पाळक मला बाजूला घेऊन म्हणाले की ही सुद्धा एक प्रार्थनाच की. पाळकांना सगळ्यातच प्रार्थना दिसते, त्यांचा तो धंदा आहे. तुम्ही त्यांना बिडी दिली असतीत आणि विषय बदलला असतात.

आईला हे काही माहीत नाही. ती आता कार्यक्रमांना येत नाही, चर्चमध्येही सणावारीच, आणि त्या दिवशी आम्ही दुसरी गाणी घेतो. बँडमधल्या सगळ्यांनी न बोलता हे ठरवून टाकलंय. तिच्या फोनमध्ये जुनं गाणं आहे. दुपारी जेवण झालं की ती ते लावते. तिच्या चेहऱ्यावर आता ती जुनी काळजी नसते. ‘भेटतीन ना मले,’ असं ती परवा म्हणाली, अगदी सहज, बाजाराला गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं. मी हो म्हटलं. तिला खरं सांगायला हवं असं मला अधूनमधून वाटतं, आणि जेवणाची भांडी घासून होईपर्यंत ते वाटणं निघून जातं. हे सगळं सांगण्यासारखे तुम्हीच होतात. म्हणून हे लिहिलं, आणि तिच्या हाती लागू नये म्हणून आजच फाडून टाकणार आहे.

आणखी एक. काल तिने गाणं लावलं तेव्हा मी शेजारी तांदूळ निवडत बसले होते. एरवी मी त्या ओळीच्या आधी काहीतरी निमित्त काढून उठते. काल उठले नाही. डोळे मिटून ऐकलं. तुम्ही खांबाखाली उभे होतात आणि प्रार्थना करत होतात, आणि बाबा, मला ते फार आवडलं.