मलावीचा मका, माझा ड्रम

६ एप्रिल, रविवार
भाचा निकेश नोकरीसाठी आफ्रिकेत, मलावी देशात आहे. रविवारी तिथल्या एका अनाथाश्रमात शिकवायला जातो. आज फॅमिली ग्रुपवर त्याचा मेसेज आला. तिकडे मक्याचा भाव वर्षात दुप्पट झाला. सुगीत स्वस्त असताना ते वर्षाचा मका घेऊन ठेवतात, पण गेल्या वर्षी ऑगस्टपर्यंत अर्धी पोती सोंड्यांनी पोखरली. शेवटी जानेवारीत त्रेचाळीस मुलं एका वेळच्या जेवणावर आली. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या एस्तेरबाई विचारतात, तुमच्याकडे धान्य वर्षभर कसं टिकवतात? मेच्या पहिल्या आठवड्यात नवा मका घेणार आहेत.
प्रश्न सगळ्यांना होता. पण चौतीस वर्षं सरकारी गोदाम सांभाळलेला माणूस कुटुंबात एकच. लगेच लिहिलं, 'मी बघतो.'
आमची ही, सुमित्रा, 'निंब' एवढंच टाईप करून बसली होती. तिला म्हटलं, असू दे.

८ एप्रिल, मंगळवार. सकाळी ७
त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तासांनी वेगळं. म्हणजे तिकडे साडेदहा. कामाची वेळ. थेट व्हिडिओ कॉल लावला. एस्तेरबाईंनी उचलला, पण स्क्रीनवर काळोख. मागे एक मूल रडत होतं. ढगाळ हवा असावी. वीस मिनिटं भूमिका मांडली. इंग्रजी त्यांना समजलं असावं. मध्ये एकदाही बोलल्या नाहीत.

त्याच दिवशी, दुपारी
निकेशचा फोन. म्हणाला, "मामा, साडेतीन तास मागं. पुढं नाई. तिकडे पहाटेचे साडेतीन वाजले होते, सगळी पोरं उठून बसली." अशी माहिती आधी द्यायची असते. या पिढीला प्लॅनिंग नाही.

१३ एप्रिल, रविवार
पीपीटी पूर्ण. एक्केचाळीस स्लाइड. पहिलीवर माझा फोटो, गोदामासमोर, १९९८. तानबाला दाखवली. तानबा गोदामात हमाल होता, आता आमच्या गल्लीतच राहतो. विचारतो, "साहेब, याच्यात सोंडे कुठं हाय जी?" एकोणचाळिसाव्या स्लाइडवर, म्हटलं. म्हणे, "तवर लेकरं उपाशी झोपतीन."
पोती वाहिलेल्या माणसाकडून अपेक्षा ठेवू नये.
निकेश म्हणतो, फाइल तिथल्या फोनवर उघडत नाही. ऑफिसातून प्रिंट काढून नेणार आहे. चला, कागद टिकतो.

२० एप्रिल, रविवार
निर्णय : नुसता उपदेश नको, प्रात्यक्षिक हवं. दर वर्षी आमचा वर्षाचा गहू सुमित्रा भरते. तीन दिवस गच्चीवर कडक उन्हात, एक रात्र गार होऊ द्यायचा, मग कोठीत थराथराला निंबाचा पाला. सगळं आजीच्या काळातलं. यंदा गहू मी भरणार. हवाबंद ड्रममध्ये, फोटो-रेकॉर्डसह. मलावीसाठी मॉडेल.
ही म्हणाली, "भरा. ज्वारीले मात्र हात लावू नोका."
ड्रम आणायला बजाजवाडीकडे गेलो. परत आलो तर ही निकेशशी फोनवर, आणि तो मध्ये बसून एस्तेरबाईंना समजावतोय. हिचे प्रश्न : तिकडं चूल हाय का गॅस? राख किती निघते? कडुनिंब हाय का? निंबाचं झाड स्वयंपाकघराच्या मागेच आहे म्हणे. पाऊण तास हेच. इंटरनॅशनल कॉलवर चूल आणि राख! बायकांच्या गप्पा म्हणून सोडून दिलं.

२१ एप्रिल, सोमवार
सकाळी आठला गहू पसरला, संध्याकाळी सहाला ड्रममध्ये. सव्वा क्विंटल. पारा त्रेचाळीसवर, आपल्या उन्हात एका दिवसात तीन दिवसांचं काम होतं. हिनं गव्हात हात घातला, म्हणाली, "गरम हाय. घाम सुटन त्याले." धान्याला घाम! झाकण घट्ट लावलं.

४ मे, रविवार
रोज सकाळी झाकण उघडून पाहणी, फोटो, ग्रुपवर अपडेट. आज ही म्हणाली, "तुमी रोज उघडून राह्यले, मंग थो हवाबंद कसा?" निरीक्षणाशिवाय विज्ञान नाही, असं उत्तर दिलं. ती ज्वारीची कोठी लिंपत होती. ऐकलं नसावं.
तिकडे मका आला. निकेशला विचारलं, माझ्या कोणत्या स्लाइडप्रमाणे भरला? म्हणाला, "नेटवर्क नाई मामा, मंग बोलतो."

२२ जून, रविवार
ड्रमच्या झाकणाला आतून पाण्याचे थेंब. बाहेरची दमट हवा. फोटो टाकला नाही. लोकांचा गैरसमज होतो.
निकेशनं आश्रमातला फोटो टाकला. मुलं जमिनीवर चित्रं काढत बसलीत. कागद ओळखीचा वाटला. झूम केलं. स्लाइड बारा, मागची कोरी बाजू.

१३ जुलै, रविवार
ड्रममध्ये दोन सोंडे. बाहेरून आले असावेत. निरीक्षण दिवसातून दोनदा.

२७ जुलै, रविवार
वास येतोय. हिला सर्दी आहे, कळलं नसावं.
मन लागत नाही. ऑगस्ट येतोय. तिकडची पोती माझ्या पद्धतीनं भरली असतील, तर त्रेचाळीस पोरांचं काय? निकेशला तीन फोन केले. उचलला नाही. पीपीटी पुन्हा वाचली. एकोणचाळिसाव्या स्लाइडवर नुसतं 'कीड-नियंत्रण : योग्य ती काळजी घ्यावी' असं आहे.

१० ऑगस्ट, रविवार
सकाळी ड्रम गच्चीवर उपडा केला. गहू चालत होता. तानबा चाळणी घेऊन न बोलावता आला. म्हणाला, "गोदामाची याद आली जी साहेब."
साडेतीनला व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपारचे बारा. या वेळी बरोबर काढले. कॉल हिला होता. एस्तेरबाईंनी पोत्यात हात घालून मका वर काढला, राख फुंकली. पिवळा, खडखडीत. एकही सोंडा नाही. तीन दिवस ऊन, गार करून राख, थराथराला निंबाचा पाला. मागे मुलं ताटं घेऊन रांगेत होती. मी ती मोजली. त्रेचाळीस.
एस्तेरबाईंनी विचारलं, मागे चाळतायत ते कोण? निकेशनं मराठी करून सांगितलं. ही म्हणाली, "आमचे साहेब. गोदामात होते."
मी चाळत राहिलो. तोंडात भुगा गेला होता.
संध्याकाळी हिनं गव्हात घालायला निंबाचा पाला काढून आणायला सांगितला. आणला आणि गच्चीवर उन्हात पसरू लागलो. म्हणाली, "सावलीत, जी. उनात कडूपणा जाते."
पाला सावलीत वाळवायचा असतो. हे मला माहीत नव्हतं.