रेडिओवरची मयतांची वेळ

३ मार्च
पुन्हा नवं रूप! आमच्या बेटावरच्या नुकुआलोफा शहरातल्या ख्रिस्ती रेडिओने परत कात टाकली. आधी जुनी स्तोत्रं होती. मग दिवसभर प्रवचनं – तेव्हा मंडईतल्या बायका म्हणायच्या, पाप करायलाही उसंत मिळत नाही. आता 'तरुण स्तुती'. म्हणजे ढोल बडवायचे आणि दमल्यावर येशूचं नाव घ्यायचं.

कोण वारलं, दफन कुठे, हे रेडिओवर वाचणारी मी. माझी वेळ संध्याकाळी सातची, ती पहाटे पाचला ढकलली. मॅनेजर लुपेनी, माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा, म्हणतो, "आत्या, पहाटे लोक प्रसन्न असतात." मयत ऐकायला प्रसन्न कशाला लागतं?

९ मार्च
पहाटे पाच. मी, कोंबडा आणि मेलेली माणसं. बाकी कोणी जागं नव्हतं.

१४ मार्च
लेकराची अडचण कळते मला. आमच्यात बापाच्या बहिणीला नाही म्हणता येत नाही. मी त्याच्या ताटातलं डुक्कर उचललं तर त्याने मीठही आणून द्यायचं. मग मला काढणार कसा? म्हणून मला हात न लावता बसायची चटईच ओढतो. मी हक्काने मागितलं तर सातची वेळ आत्ता परत मिळेल. पण मागून घेतलेली शाबासकी ती कसली?

खरं दुखणं निराळं आहे. विलिसोनीदादा, लुपेनीचा बाप, अंथरुणाला खिळलाय. वयात आल्यावर बहीणभावाने एका खोलीत बसायचं नाही, ही आमची रीत. मी त्याच्या अंगणापर्यंत जाते, नारळाच्या दुधातली भाजी वहिनीच्या हाती देते, परत फिरते. सातला मात्र रेडिओतून मी त्याच्या उशाशी असायची. पहाटे तो गोळी घेऊन झोपलेला असतो.

२ एप्रिल
आणखी एक रूप – 'फक्त आनंद'. मयत साफ बंद. लुपेनी जमिनीकडे बघत म्हणाला, "आत्या, दुःख लावलं की ऐकणारे पळतात."
"मग उत्तम शुक्रवारी येशू क्रुसावर मरतो, त्याचं काय करणार रे? न मारताच उठवणार त्याला?"
"त्यावर बैठक आहे, आत्या."

१० एप्रिल
म्हातारा पेनिसिमानी परवा गेला, काल पुरला. आमच्यात रेडिओने सांगितल्याशिवाय माणूस मेला असं कोणी धरत नाही. दफनाला निम्मीच माणसं. दफनानंतरच्या जेवणाचं भट्टीतलं डुक्कर उरलं, हे आपल्या गावात कधी झालं होतं?

आणि आज सकाळी रेडिओच्या यंत्राने आपोआप त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. "देव तुम्हाला उदंड आयुष्य देवो" – वर ढोल. एउआ बेटावरचा त्याचा मेव्हणा ते ऐकून दुपारच्या बोटीने कलिंगड घेऊन हजर. गाणं म्हणतच फाटकातून आत आला. दारात त्याची बहीण, पेनिसिमानीची बायको, काळ्या कपड्यांत. त्याने कलिंगड खाली ठेवलं आणि तिथेच मातीत बसला.

मी तिथे होते. हसूही येईना, रडूही.

११ एप्रिल
गेले स्टेशनवर. आमच्यात दुखवट्याला नेसतात ती जाड चटई कमरेला गुंडाळून. ढोलवाली पोरं बाजूला झाली.
"लुपेनी, मला सातची वेळ हवी."
आत्या म्हणून आजवर त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. तो म्हणाला, "हो, आत्या." इतक्या झटकन, की बिचारा वाटच बघत होता असं वाटलं.
"पण आनंदाचं काय करू?"
"साडेसातला लाव. जेवून खाऊन येऊ दे त्याला."

सातला वाचलं. पेनिसिमानीपासून सुरुवात केली, राहिलेले सगळे घेतले. सावकाश, मोठ्याने. दादासाठी.

१२ एप्रिल
देवळातून निघताना वहिनीला विचारलं, काल दादाला नीट ऐकू गेलं ना? ती म्हणाली, "वन्सं, सांगायचं नाही अशी त्यांची ताकीद होती मला. वर्ष झालं, त्यांना काही ऐकू येत नाही. सातला रेडिओ छातीवर घेतात आणि वर हात ठेवून आवाजाची थरथर चाचपत पडतात. ढोल लागले की हात काढून घ्यायचे. काल काढला नाही."