बुढ्याच्या दिलातली आग

१२ फेब्रुवारी १९६१, अकोला

लिही सूनबाई — माह्या बुढ्याच्या दिलाले आग लागली! नातवंडं झाली, दात पडले, अन् गुणगुणतो काय तर सिनेमाचं गाणं. दिल जळते म्हणे, जिगर जळते म्हणे! थेही बेसूर. पहिले गळा बरा होता त्याचा. माहा जीव जलमभर चुलीपुढं जळला, त्याचं गाणं कोणी केलं नाई.

ललिता तोंडाले पदर लावून हसून राह्यली. हसू नको. मले अक्षर येत नाई म्हणून तुले सांगते. हसणंही लिही.

१४ फेब्रुवारी

पुंजारामनं त्याच्या चहाच्या हॉटेलात रेडिओ आणला तवापासून बुढ्याले घरचा चहा गोड लागत नाई. अन् त्या हॉटेलाच्या दारातच कोण बसते? जाईबाई फुलारीण! हिरवं लुगडं, तोंडात पान.

आता समजलं आग कुठची थे.

१६ फेब्रुवारी

भाजीच्या निमित्तानं गेली. निंबाच्या आडून पायलं. बुढा रेडिओले अस्सा चिकटून, जसा गुळाले मुंगळा. जाईबाई म्हणे, "बाबा, आजीसाठी गजरा नेता काय?" बुढा गोड हसला, मान हलवली. अन् गजरा? नाई घेतला! नुसताच हसत राह्यला तिच्याकडं पाहून.

माह्याकडं पाहून कधी हसला असा? पोरगं झालं तवाही नाई.

१७ फेब्रुवारी

वांग्यात मीठच नाई टाकलं. मुद्दाम. खाल्लं मुकाट्यानं!

२१ फेब्रुवारी

घरात दहादा म्हणते, "अवो, ऐकता काय?" पाठ वळत नाई. मी चुलीपाशी बडबडते, अन् थो अंगणात आपल्याच तंद्रीत. "कोणासाठी गाता?" विचारलं, तर उठून पाणी प्याले गेला.

जलमभर त्याचं नाव "अवो". नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य घटते, माही माय म्हणे. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पण आता नाई! उद्या जाते अन् भर हॉटेलात नाव घेऊन हाक मारते.

"आत्याबाई, लोक काय म्हणतील!" — ललिता.

म्हणोत. तिच्यासमोर त्यानं माह्याकडं वळलं पायजे. बस, एवढंच. नाई वळला तर मी समजली, माहं घर गेलं.

२२ फेब्रुवारी

"डोमाजी!"

मारली हाक. बश्या तोंडापाशीच थांबल्या. सारं हॉटेल वळलं, जाईबाई वळली, रस्त्यातला टांगेवालाही वळला. बुढा नाई वळला. डोळे मिटून, रेडिओच्या पेटीवर तळहात ठेवून बसला होता.

पुंजाराम जवळ येऊन हळूच म्हणे, "काकू, दिवाळीपासून त्याईले ऐकू येत नाई. घरी सांगू नको म्हणाले. पेटी थरथरते, तेवढंच गाणं उरलं म्हणतात."

मी थो हात पेटीवरून उचलला. माह्या गळ्यावर ठेवला — भर बाजारात! अन् पुन्हा नाव घेतलं.