वेगळा ठेवलेला थर

बोईसर, गुरुवार संध्याकाळ

दोनदा हात धुतले, तरी नखांतली पिवळी माती जात नाही.

शाळेमागच्या डोंगरातल्या खाणीत दोन काळ्या कातळांच्या मध्ये हातभर जाडीचा पिवळट थर होता. लाव्हाचा एक लोट थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत तिथे तळं होतं, त्याचा गाळ. त्यात तांदळाएवढ्या गोगलगायी, दगड झालेल्या. दिवाळीच्या सुट्टीत मला दिसल्या. कॉलेजातल्या तज्ज्ञांना यायला वेळ मिळेना, म्हणून खाणमालकाला हात जोडले. म्हटलं, "भाऊ, तेवढा थर वेगळा ठेवा."

वेगळा ठेवा! हेच शब्द कसे सुचले मला? हात लावू नका, एवढं सरळ सांगता येत नव्हतं?

आज शाळेत गेले, तर पटांगणभर पिवळा मुरूम आणि त्यावर रोलर. वाकून उचललं. तांदळाएवढी गोगलगाय, अर्धीच.

खाणमालक हसत आला. "बाई, तुमी बोललात तसा सगला वेगला काढून ठेवलेला. मग म्हटलं, शालेलाच देऊ. पैसे नाय घेतले."

मुख्याध्यापकांनी त्याला शाल-श्रीफळ दिलं. मुलं खूश, आता कबड्डीत गुडघे फुटणार नाहीत. मी चिडायचं कुणावर? इतक्या वर्षांत माझा शब्द पाळणारा हा एकच माणूस भेटला.

आभारप्रदर्शन नेहमीसारखं माझ्याकडे. एका मुठीत ती अर्धी गोगलगाय, दुसऱ्या हातात माईक. मानले आभार.