परत आलेला मुराळी आणि महागाईचा दर

पणदरे, ता. १३ ऑक्टोबर १९९८

श्रीयुत मोहनराव व्याही यांस आबासाहेबाचा कृतानेक नमस्कार.

इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. माझ्यापुरतं ते खरं नाही. द्वारकाबाईंचा गुडघा कसा आहे? जर्सी गाय व्याली का? जावईबापूंना आशीर्वाद. तुमची तब्येत विचारायला मात्र मला तोंड नाही.

परवा सोनलला दिवाळीला आणायला आमचा सूरज मुराळी म्हणून तुमच्याकडे आला आणि एकटाच परतला. निरोप त्याने सगळ्यांसमोर एक शब्द न गाळता सांगितला (ही खोड त्याला आईकडून आलीय). "महागाईचा दर आजून खाली आला की पोरगी पाठवू. तवर आबांना पेपर वाचत बसू द्या." तुम्ही बोललात त्याचा मला राग नाही. सरुबाईनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, चकलीचं पीठ झाकून ठेवलं.

श्रावणातली ती दुपार डोळ्यांसमोरून हलत नाही. तुमची कांद्याची चाळ आढ्यापर्यंत भरलेली, दिवाळीपर्यंत तिला हात लावायचा नाही असा तुमचा बेत, आणि माझ्या खिशात पेपरचं कात्रण: महागाईचा दर दशांश दोनने घसरला. कारखान्याच्या टाइम ऑफिसात जन्म गेला, त्यामुळे आकडा दिसला की त्याचा अर्थ आपल्याला कळतो, असं मला उगाच वाटतं. दर घसरला म्हणजे भाव उतरणार, हे मी तुम्हाला कात्रणावर बोट ठेवून समजावलं. वर दिल्लीचं सरकार टेकूवर उभं, ते कधी पडेल नेम नाही, निर्यातीचं धोरण रोज बदलतंय, रुपयाही खाली, तेव्हा आठ दिवसांत विकून मोकळे व्हा, असं छातीठोक सांगितलं. (रुपया खाली गेला की निर्यातवाल्याचा फायदाच होतो, असं नंतर कुणीतरी म्हणालं. असेल.) तुम्ही सहा रुपये किलोनं चाळ रिकामी केलीत. आज बारामतीच्या मंडईत चाळीस मोजूनही धड कांदा मिळत नाही.

माझं कुठं चुकलं ते पुतणीनं, स्वरालीनं, सांगितलं. ती बारामतीला कॉमर्स शिकते. म्हणाली, "एष्टीचा वेग कमी झाला म्हंजी ती मागं येत न्हाय, आबा. फुडंच जाती, जरा हळू." म्हणजे दर घसरला तेव्हाही भाव चढतच होते, फक्त जरा दमानं. हे ऐकल्यापासून मी पारावर गेलेलो नाही. तिथं रोज सकाळी पेपर वाचून मी चार लोकांना त्याचा अर्थ सांगायचो, आणि माझ्या सांगण्यावरून आणखी कुणी काय काय विकलंय, ते ऐकायची हिंमत नाही.

मोहनराव, खरं कारण लिहितो. लग्नाला चार वर्षं झाली. मुलीचा बाप म्हणून तुमच्याकडे मी सतरंजीच्या कडेला बसतो, चहा छान झाला म्हणतो आणि परतीची एस.टी. गाठतो. त्या दुपारी तुम्ही पहिल्यांदाच म्हणालात, "तुमाला काय वाटतं, आबासाहेब?" त्यानंतर मला थांबता आलं नाही. तुमच्या नुकसानीची लाज आहेच, पण माझ्या शहाणपणाचा दंड सोनल भरतेय, याची लाज जास्त वाटते.

आपला,
आबासाहेब

ता. क. तिला पाठवा, एवढंच मागणं आहे. चार दिवस जमत नसेल तर दोनच.

ता. क. दुसरा. माझा कांदा मी त्याच सकाळी विकून आलोय, असं तेव्हा तुम्हाला म्हणालो होतो. ते खोटं होतं. चाळीची किल्ली सरुबाईच्या कमरेला होती आणि दिवाळीआधी ती देणार नाही म्हणाली होती. घरात माझं कुणी ऐकत नाही हे व्याह्यांना कळू नये, म्हणून तसं बोललो. पोती अजून तशीच आहेत. त्यातली निम्मी सूरज या पत्रासोबत घेऊन आलाय. तुमच्या दारात ट्रॅक्टर उभा आहे तो त्याचाच. हे सरुबाईनं ठरवलं, मी नाही.

ता. क. तिसरा. पत्र सरुबाईला वाचून दाखवलं. पुढचं तिच्या तोंडचं, जसंच्या तसं: "पोरगी त्याच टॅक्टरवर बसवून द्या. आमचं मानूस तुमच्यापुढं परत पेपर उघडणार न्हाय, ही जिम्मेदारी माजी."

वरील मजकूर मला मान्य आहे.