दोन बोटं सैल

सोम. ३ नोव्हें., धुळे
सोनगीरजवळच्या सोलर साइटवर पहिला दिवस. गेटवरच सांगितलं, सलवार-ओढणीत शिडी चढायची नाही. पॅन्ट किंवा जीन्स. नियम बरोबर आहे. पण जीन्स कधी घातलेलीच नाही. दिवसभर खाली उभी राहून वरच्यांनी ओरडलेले पॅनेलचे आकडे टिपले.

मंगळ. ४
दुकानदाराने विचारलं, कंबर किती? मला माहीत नव्हती. आजवर नाडी. कंबर कितीही असो, बांधली की झालं. टेप मागून घेतला आणि आईसारखंच टेपखाली दोन बोटं घालून माप घेतलं. माप घेणं शाळेच्या आधी तिच्याकडेच शिकले. फैजपूरला आमच्याकडे बठ्ठ्या, म्हणजे सगळ्याच, बायका अशीच दोन बोटं सैल धरतात. चौतीस. घेतली. आरशात बरी दिसली. बहुतेक.

गुरु. ६
शिडीवर अर्ध्यात जीन्स घसरायला लागली. एक हात शिडीला, एक कमरेला. साइटचे सर खालून म्हणाले, "ताई, दोन्ही हात शिडीला पाहिजेत." उतरल्यावर अगदी शांतपणे, "सतरा तारखेपर्यंत बघा. नाहीतर ऑफिसात टेबलाचं काम आहेच."
मला टेबल नको. वरचे आकडे मला स्वतः बघायचे आहेत.

शुक्र. ७
पट्टा बांधून पाहिला. मागे कापडाचा बोळा, मांडीला मात्र घट्ट. एकच जीन्स, वर सैल आणि खाली घट्ट, हे कसं? दोष माझा की तिचा? रूमवरची हर्षदा, दोंडाईचाची, हसून लोळली. "तुना बी नई, तिना बी नई. ती दुसरीसाठे शे."
दुसऱ्याच कुणाच्या अंगासाठी शिवलेली, यावर बराच वेळ विचार केला.

शनि. १५
हर्षदाला घेऊन पुन्हा दुकानात. मी आरशापुढे उभी, ती पडद्याबाहेरून, "उभी राहीसन काय समजस? खाले बठ ना."
उकिडवी बसले. एक बत्तीस मांडीतच अडकली. दुसरी बत्तीस बसताना मागून उघडी. तिसरी, कंबर जरा उंच, मांडीत ऐसपैस, तीही बत्तीसच. एका आकड्याच्या तीन तऱ्हा! बसले, वाकले, पाय उचलला. जागची हलली नाही. दुकानातल्या मावशी म्हणाल्या, दिवसभरात कापड थोडं सुटतंच, आधीच सैल घेऊ नये.
म्हणजे आईची दोन बोटं इथे चालत नाहीत. लिहितानाही कसंतरी होतंय. सुती कपड्याला ती बरोबरच आहेत.
हिच्यात मांड्या दिसतात. वाईट नाही. कुर्त्यात त्या कधी नव्हत्याच, एवढंच.
दुपारच्या बसने फैजपूर.

रवि. १६, फैजपूर
आईने सकाळीच जीन्स उलटी केली. "शिलाईत जास्तीचं कापडच नाही सोडलं व. उद्या अंग भरलं त कुठून उसवशील?" मग मागच्या पट्ट्याकडे बोट करून, "इथं नाडी घालून देऊ का?"
नको म्हटलं. तीनदा.
"मंग चढून दाखव बरं."
धाब्यावर, घराच्या सपाट छतावर, जायची लाकडी शिडी. ती खाली धरून उभी. मी चढले, दोन्ही हात शिडीला. वरून पलीकडच्या केळीच्या बागा दिसल्या. घाई न करता उतरले. शेवटच्या पायरीवर असताना तिने मागे कमरेत दोन बोटं घालून पाहिली. शिरेनात.
"श्वास घेता येते का तुले?"
"येतो."
"घेऊन दाखव."
घेतला. बोटं तिथेच होती.
उद्या पहाटेची बस, तिथून थेट साइट. जीन्स धुऊन ओसरीत वाळत घातली होती. आईने ती आत्ता मांडीवर घेतली आहे, शिलाईवरून बोट फिरवते आहे. कात्री शिवणाच्या डब्यातच आहे. दोनदा बघून आले.